चौदा मायक्रॉन

नवा मणी पाकिटातून काढला, मशीनला लावला आणि पंधराव्या हबनंतर मशीननं सांगितलं की मणी झिजलाय.

मी पाकीट पुन्हा वाचलं. माणकाचा मणी, व्यास दोन मिलिमीटर, सोबत दाखला २.००० चा. पडद्यावर मात्र १.९८६. पंधरा हबांना नुसतं शिवून माणिक चौदा मायक्रॉन झिजत असेल, तर आमच्या घरचं लाटणं एव्हाना काडीएवढं व्हायला हवं होतं. चौदा मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा पाचवा हिस्सा. तुम्हाला हसू येईल, पण माझी भाकरी असल्याच हिश्शांवर आहे.

तरीही मी तेच केलं जे कुणीही केलं असतं. पुरवठादारावर भडकले. त्यानं माफी मागून दहा नवे मणी पाठवले. दहाच्या दहा मणी पंधराव्या हबला १.९८६ झाले. तेव्हा मात्र मी पुरवठादाराला फोन केला नाही.

मी पद्मजा मगदूम. गोकुळ शिरगावच्या कारखान्यात बावीस वर्षं मापाच्या खोलीत आहे. विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांच्या पुढच्या चाकांचे हब आम्ही बनवतो. हब म्हणजे लोखंडी वाडगा समजा, मधोमध भोक असलेला. त्या भोकात बेअरिंग दाबून बसवतात. ते घट्ट बसायलाच हवं. सैल बसलं तर भोकात हळूहळू फिरू लागतं, घासतं, तापतं, आणि मग एक दिवस वळणावर चाक गाडीच्या आधी पुढं निघून जातं.

प्रत्येक हब शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या यंत्रशाळेत, फिक्श्चर नावाच्या एका चौकटीवर तपासला जातो. तीन पायांवर बसवायचा, पिना त्याला जागेवर धरतात, आणि तीन बोटं भोकात शिरून सांगतात की भोक मास्टर रिंगपेक्षा किती मोठं, किती लहान. मास्टर रिंग ही पोलादी कडीच. फिक्श्चरचं शून्य तिच्यावर लावतात. म्हणजे ती कडी चुकली की सगळे हब चुकले. म्हणून फिक्श्चर आणि रिंग दर महिन्याला माझ्या खोलीत येतात, वीस अंशांत एक दिवस एक रात्र बसून निवतात, आणि मग सीएमएम हे तीन दिशांत सरकणारं मोजणी यंत्र आपल्या माणकाच्या मण्यानं त्यांना जागोजाग शिवून त्यांचं माप घेतं. नमुन्याचे काही हबही त्यावर जातात, पण तपासणाऱ्याला तपासायचं, हे माझं खरं काम. खोलीत चपला नाहीत, चहा नाही, आणि घरून आणलेला उसासासुद्धा दाराबाहेर टाकून यायचा. मी खवट बाई आहे असं शॉपमध्ये म्हणतात. ते बरोबरच आहे.

पूर्वी रोज सकाळी पहिलं काम गोळा घेण्याचं असे. मोठ्या सुपारीएवढा पांढरा सिरॅमिकचा गोळा, बरोब्बर २५.००० मिलिमीटरचा. मशीननं तो शिवायचा आणि त्यावरून स्वतःच्या मण्याचा आकार ठरवायचा. मण्याचा आकार चुकला की सगळंच चुकतं, कारण मशीनला कळतो फक्त मण्याचा मध्य. भोक मोजताना ते मण्याची जाडी मिळवतं, दांडा मोजताना वजा करतं.

मग तीन वर्षांपूर्वी एकमाप आलं. देशभरातली अकरा हजार मशीनं एका जाळ्यात. गोळ्याची गरज संपली. अकरा हजार ठिकाणी मोजलेल्या लाखो भागांच्या सरासरीवरून आपला मणी किती झिजलाय हे मशीन स्वतःच ओळखणार, आणि एखादं मशीन वेगळं बोलायला लागलं की बाकीची त्याला ओढून रांगेत आणणार. मला ते आवडलं होतं. रोजची वीस मिनिटं वाचली.

त्या दहा मण्यांनंतर मी एकमापचा नियम पहिल्यांदा नीट वाचला. मणी झिजतो, वाढत कधीच नाही, म्हणून त्याचा आकार फक्त कमी करण्याची मुभा. भोक सरासरीपेक्षा मोठं भरलं तर मणी झिजला असं समजायचं आणि मण्याचा आकार कमी करायचा. लहान भरलं तर हत्यार बोथटलं असं समजायचं आणि कारागिरानं भोक वाढवायचं. मी ते चार वेळा वाचलं. मणी लहान धरला की पुढचं भोक लहान भरणार आणि वाढवलं जाणार; दोन्ही वाटांनी भोक मोठंच होत होतं. अकरा हजार ठिकाणी, एका वेळी अर्ध्या मायक्रॉननं.

आमच्या घरात बसगाडी आहे असं म्हटलं तरी चालेल. माझा नवरा भूपाल कोल्हापूर–कुडाळ गाडी चालवतो, करूळ घाटातून. त्याच्या नव्या गाडीचे हब आमच्याच फिक्श्चरवरून गेलेले. पुढच्या सीटवर कुणी बोलका प्रवासी बसला की तो सांगतो, "चाकाची काळजी करू नगा, माप आमच्या मंडळींनी घेतलंय." मी अनेकदा दटावलं, पण मनातून बरं वाटायचं.

त्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी तो जेवायला बसला होता. मी विचारलं, "अहो, गाडी कशी चालतीय?"

"ब्येस की. डाव्या वळणाला थोडी गुणगुणतीय."

"कधीपासनं?"

"झालं की महिनाभर. वर्कशॉपात दावली. मशीन लावून बघितलं, समदं ठीक म्हणालं." त्यानं आमटी वाढून घेतली. "का गं?"

"काही न्हाई," मी म्हणाले, आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी मी पट्टणकोडोलीला सुतारमामांकडे गेले. दत्तोबा सुतार. मला काम त्यांनी शिकवलं. रिटायर झाले तेव्हा एकमाप नुकतंच आलं होतं, आणि गोळा भंगारात जाणार होता. मी तो काचेच्या पेटीत बसवून निरोपाच्या समारंभात त्यांना भेट दिला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. माझीच कल्पना. मामांनी तो टीव्हीशेजारी ठेवलाय.

मी सगळं सांगितलं. मामा ऐकत होते. मग म्हणाले, "आणि रिंग?"

"रिंग तीनदा घासून घेतली. ऑगस्टपासनं. आधी सहा मायक्रॉन, मग पाच, मग तीन."

"घासून मोठी केलीस?"

"लहान भरत होती, मामा."

मामांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "रिंगंत दिवसभर बोटं घालायची, काढायची. पोलाद झिजून भोक मोठं हुईल का आकसंल?"

मी टीव्हीशेजारच्या गोळ्याकडे बघितलं.

"बाई, पोरगं बी सांगंल हे. मशीन लहान म्हणालं तवा तुझं डोकं कुठं हुतं?"

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ते खरंच विचारलं होतं. मला लाज वाटली. तीन वेळा माझ्यासमोर अशक्य गोष्ट आली होती आणि तीन वेळा मी तिच्यावर सही केली होती. सहा, पाच आणि तीन मिळून चौदा.

मामांनी पेटी उघडून गोळा माझ्या रुमालात बांधून दिला.

कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी रखवालदाराला सांगून मी खोली उघडली. गोळा एक दिवस निववला. दुसऱ्या सकाळी मशीननं त्याला पंचवीस ठिकाणी शिवलं. पडद्यावर आलं: २५.०१४. त्याखाली लाल अक्षरात, वस्तू मापाबाहेर. त्याखाली सूचना, घासून कमी करावी.

मी तो कागद आणि गोळा घेऊन इनामदार साहेबांकडे गेले. केतन इनामदार, आमचे प्लँट हेड, वय पस्तीस. चांगला माणूस आहे. कुणाशी आवाज चढवून बोलत नाही. त्यांनी मला बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, एका बाजूला तुमचा हा एक गोळा आहे. दुसऱ्या बाजूला अकरा हजार मशीन. मी वर काय सांगू?"

"गोळा प्रयोगशाळेत पाठवा. बारा वर्षांपूर्वी त्यांनीच दाखला दिलाय, पंचवीस पूर्णांक शून्य."

त्यांनी खरंच पाठवला. आठ दिवसांत परत आला. नवा दाखला, शिक्का, होलोग्राम. व्यास २५.०१४ मिलिमीटर. मी दाखल्याची मागची बाजू पाहिली. मोजणीची पद्धत: एकमाप.

"आता?" इनामदार मृदू आवाजात म्हणाले.

"साहेब, सिरॅमिकचा गोळा टीव्हीशेजारी बसून वाढतो का?"

"मला माहीत नाही. मला कागद माहीत आहेत." त्यांनी आपला पडदा माझ्याकडे वळवला. "आणखी एक सांगतो. बेअरिंगवाल्यांचा मालही चौदा मायक्रॉन मोठा भरतोय. त्यांना कळवलंय. पुढच्या महिन्यापासून ते बारीक करून देणार आहेत."

म्हणजे भोक मोठं झालंच होतं. आता त्यात बसणारं बारीक होणार होतं. आणि हे फक्त बसगाड्यांच्या हबचं नव्हतं. लिफ्टच्या कप्प्या, रेल्वेचे आस, दवाखान्यातले पंप. सगळीकडं भोकं रुंदावत होती, दांडे बारीक होत होते, आणि प्रत्येक वस्तूसोबत ती अचूक असल्याचा दाखला होता.

"ऑगस्टपासूनच्या गाड्या थांबवा," मी म्हणाले. "तीनशे बारा आहेत. मी यादी काढलीय."

"कशाच्या आधारावर? माघारीच्या फॉर्ममध्ये कारण लिहावं लागतं." त्यांनी फॉर्म उघडून दाखवला. कारणं चार होती: हत्यार, कच्चा माल, तापमान, मानवी चूक. माप चुकलं असं लिहायला जागाच नव्हती.

मी ती चार कारणं पुन्हा वाचली. मग उठून माझ्या खोलीत आले.

सुरक्षेच्या भागांचा नियम मला तोंडपाठ आहे, कारण तो लिहिणाऱ्या समितीला आम्हीच पत्र पाठवलं होतं. मास्टर रिंग बिघडल्याचं उघड झालं की तिच्याखालून गेलेला सगळा माल मागे घ्यायचा. पुन्हा मोजून बघायची सोय नाही. पुन्हा मोजून लोक पूर्वी लबाडी करायचे. चार कारणांपैकी एकमाप एकच गोष्ट न मोजता खरी मानतं, माणसाचं चुकणं.

मी रिंग पेटीतून काढली. सव्वा किलोची आहे. बावीस वर्षांत माझ्या हातून साधी पिनसुद्धा पडलेली नाही. पडली तर मामा अख्खा दिवस बोलायचे नाहीत, ती सवय लागून गेलेली. रिंग दोन्ही हातांनी डोक्याएवढी वर धरली. हात सोडायला तयार नव्हते. भूपालची गाडी त्या वेळी गगनबावड्याच्या अलीकडं असेल, असा हिशेब डोक्यात आला. मग सोडली.

फरशीवर तिचा कपचा उडाला आणि ती दाराशी घरंगळत जाऊन आडवी झाली.

फॉर्ममध्ये मी लिहिलं: ऑगस्टमध्ये मास्टर रिंग माझ्या हातून पडली. मी कुणाला कळवलं नाही. हातानं घासून नीट केली आणि तेव्हापासूनच्या नोंदी जुळवून लिहिल्या. आज ती पुन्हा पडली म्हणून कबूल करते. रिंग चौदा मायक्रॉन मोठी होती. तिच्याखालून गेलेले सगळे हब मोठ्या भोकाचे समजावेत. याच रिंगनं लहान भोकाचे म्हणून बाजूला काढलेले जुन्या साठ्यातले सहाशे चाळीस हब गोदामात आहेत. ते योग्य मापाचे आहेत. बदली म्हणून तेच लावावेत.

इनामदार धावत आले. त्यांनी फॉर्म वाचला, फरशीवरची रिंग पाहिली. चपला काढायला विसरले होते.

"मॅडम, हे खरं आहे?"

"सही माझी आहे."

ते माझ्याकडे बघत उभे राहिले. त्यांना कळलं होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. "तुमचा परवाना जाईल," ते म्हणाले. "कायमचा."

"जाऊ दे."

त्यांनी बटण दाबलं. एकमापनं माझी कबुली अकरा सेकंदांत मान्य केली. गोळ्याला आठ दिवस लागले होते.

तीनशे बारा गाड्या चार दिवसांत डेपोत उभ्या राहिल्या. बातमी आली. माझं नाव आलं, फोटो आला, आणि मथळ्यात हलगर्जीपणा हा शब्द. शॉपमधली माणसं माझं सामान पिशवीत भरून गेटपर्यंत घेऊन आली, पण पिशवी हातात देताना कुणी नजर वर केली नाही. सुतारमामांचा फोन आला. ते "बरं केलंस" एवढंच म्हणाले. सगळं ओळखणारा तेवढा एकच माणूस.

भूपालला मी काही सांगितलं नाही. सांगता येण्यासारखं नव्हतं. त्याच्या पोटात काही राहत नाही. डेपोत एकाला बोलला की संध्याकाळी शंभर जणांना कळणार, आणि कबुली खोटी ठरली की गाड्या दुसऱ्या दिवशी त्याच हबांवर रस्त्यावर येणार. जुने हब चढवून व्हायला दीड महिना लागणार होता. दीड महिना तोंड शिवून बसायचं ठरवलं.

पहिल्या संध्याकाळी तो पायरीवर बसून राहिला, आत आलाच नाही. मी जाऊन शेजारी बसले.

"डेपोत इचारालेत," तो म्हणाला. "मी म्हटलं, आमच्या हिच्या हातनं असलं हुणार न्हाई. खरं सांग, झालं का तुझ्या हातनं?"

"झालं."

"आणि लपवलंस?"

"लपवलं."

तो मान हलवत राहिला. "त्याच गाडीवर मी हुतो की गं, पद्मा."

त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर होतं आणि ते मला देता येत नव्हतं. बावीस वर्षांच्या संसारात इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. पण गाडी डेपोत उभी होती आणि तो माझ्या शेजारी बसला होता. मी तेवढ्यावर समाधान मानलं.

आठवडाभरानं तो दुपारच्या ड्यूटीसाठी खाकी घालून तयार झाला. मी भाकरी भाजत होते.

"गाडी तर उभी आहे ना?" मी विचारलं.

"बदली गाडी दिलीया. नवी कोरी. कर्नाटकातनं आलीया, तिकडच्या कारखान्याची."

माझा हात तव्यावर राहिला. चटका बसला तेव्हा कळलं. "कुठल्या महिन्यातली?"

"नोव्हेंबरची म्हणं. का?"

तिकडच्या कारखान्यातली रिंग मी कधी पाहिलेली नाही. तिच्यावर सही करणारी कोण बाई, कोण बुवा, मला ठाऊक नाही. पण त्यांच्याकडे तेच अकरा हजारातलं मशीन आहे. त्यांची रिंगही आकसली असणार. त्यांनीही घासून घेतली असणार. आणि पडलेली रिंग माझी होती, त्यांची नव्हे, म्हणून त्यांच्या गाड्या चालूच होत्या. बेअरिंगही आता बारीक येत होतं.

मी गॅस बंद केला आणि त्याला खाली बसवलं. सगळं सांगितलं. मणी, गोळा, एकमापचा नियम, रिंग मी मुद्दाम कशी टाकली, फॉर्म खोटा कसा होता. भराभर बोलत होते, त्यामुळे मलाच ते खोटं वाटू लागलं. शेवटी म्हणाले, "ही गाडी नेऊ नका. पायात लचक भरली म्हणून सांगा. काहीही सांगा."

त्यानं मध्ये तोंड घातलं नाही. माझं बोलून झाल्यावर माझा भाजलेला हात हातात घेऊन त्यावर फुंकर घातली.

"पद्मा, माणसाच्या हातनं चुकतं," तो म्हणाला. आवाज इतका मऊ होता की मला रडू आलं. "तू कबूल केलंस. डेपोत मी हेच सांगतो, माझ्या बायकोनं कबूल तरी केलं. आता ते फिरवू नगंस. अकरा हजार मशीनं चुकली आणि तू एकटी बरोबर, हे कुणाला पटंल?"

"तुम्हाला."

त्यानं माझा हात सोडला. मग उठला. "मापाचं आता बोलत जाऊ नगं. जीवाला तरास हुतो तुझ्या."

"वळणाला गुणगुणली तर थांबवा. तेवढं तरी ऐका."

"थांबवतो की," तो म्हणाला, लहान मुलाची समजूत काढावी तसं.

मी त्याचा डबा बांधून दिला. त्यानं तो पिशवीत ठेवला, पायात बूट घातले आणि कुडाळला पोचलो की फोन करतो म्हणाला. गाडी एक चाळीसला सुटते.